हात न लावता सीटी पाहायचा तर: ओटीसाठी (ऑपरेशन थिएटरसाठी) हातवाऱ्यांची पहिली यंत्रणा कशी उभारावी

शस्त्रक्रिया निम्म्यावर आलेली असते आणि सर्जनना सीटी स्कॅन पुन्हा पाहायचा असतो. गाठ रक्तवाहिनीला चिकटली आहे की नुसती टेकली आहे, एवढाच प्रश्न असतो. स्क्रीन समोर आहे, माऊस त्याखालच्या ट्रॉलीवर आहे, पण स्क्रब होऊन (हात निर्जंतुक धुऊन) ग्लोव्ह्ज घातलेला हात माऊसला लावता येत नाही. लावलाच तर निदान ग्लोव्ह बदलावा लागतो. मग सर्जन तोंडाने सांगतात: "पुढे घ्या... अजून... अहो जास्त झालं, दोन मागे." माऊस धरलेल्या सिस्टरना किंवा इंटर्नना सर काय शोधतायत ते माहीत नसतं, त्यामुळे नेमकी स्लाइस, म्हणजे सीटीतल्या शेकडो कापांपैकी हवा तो काप, यायला वेळ लागतो आणि सगळ्यांचाच आवाज चढतो. काही जण माऊसवर निर्जंतुक पिशवी चढवतात, काही जण गाऊनचं किंवा ड्रेपचं (रुग्णावर अंथरलेल्या निर्जंतुक कापडाचं) टोक मध्ये धरून माऊस हलवतात. हा दुसरा प्रकार पाहून इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टर काय म्हणतात, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

हातवाऱ्यांनी चित्रं सरकवायची कल्पना यातूनच आली. हा लेख बायोमेडिकल किंवा कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी आणि रुग्णालयात असं काही करून पाहू इच्छिणाऱ्या तरुण डॉक्टरांसाठी आहे. एक साधा वेबकॅम, एक लॅपटॉप आणि फुकट मिळणारी सॉफ्टवेअर एवढ्यावर सरावाची यंत्रणा उभी राहते. एक गोष्ट मात्र आधीच सांगतो. हात ओळखणं आता सोपं झालंय. अवघड आहे ते हा हात आत्ता यंत्राशी बोलत नाहीये, हे ओळखणं. बहुतेक प्रोजेक्ट सगळा वेळ पहिल्या कामावर घालवतात आणि ओटीच्या दारात दुसऱ्यावर आपटतात.

आधी कोणी काय केलं

इस्रायलच्या बेन-गुरियन विद्यापीठातल्या हुआन वाक्स आणि सहकाऱ्यांची 'जेस्टिक्स' यंत्रणा २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. वॉशिंग्टनच्या एका रुग्णालयात मेंदूच्या बायोप्सीच्या वेळी ती वापरून पाहिली होती. साधा रंगीत कॅमेरा असल्याने ग्लोव्हचा रंग तिला आधी शिकवावा लागे. नोव्हेंबर २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टने खेळासाठी किनेक्ट आणला. अंतर मोजणारा कॅमेरा एकदम खेळण्याच्या किमतीत मिळू लागला, आणि वर्षभरात टोरांटोच्या सनीब्रुक रुग्णालयात तो ओटीत पोचला. २०१२ मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियांमध्ये तो वापरला गेला. २०१३ मध्ये हातभर अंतरावरची बोटं टिपणारा लीप मोशन आला.

पुढे किनेक्टचं उत्पादन २०१७ मध्ये थांबलं. त्यानंतरचा ॲझ्युर किनेक्टही २०२३ मध्ये बंद झाला. यातून नवख्याने एवढंच घ्यावं की सगळी यंत्रणा एका कंपनीच्या एका कॅमेऱ्यावर बेतू नये. कॅमेरा बदलला तरी बाकीचं चालू राहील अशीच रचना सुरुवातीपासून ठेवा.

पायरी १: कोड लिहायच्या आधी ओटीत उभे राहा

परवानगी घेऊन, टोपी-मास्क घालून, भिंतीला टेकून दोन-तीन शस्त्रक्रिया पाहा. निर्जंतुक भागापासून दूर उभं राहायचं आणि मध्ये बोलायचं नाही. वहीत तीन गोष्टी टिपा. चित्र केव्हा मागितलं गेलं, त्या क्षणी सर्जनच्या दोन्ही हातांत काय होतं, आणि चित्रात नेमकं काय करून हवं होतं.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा साधं निघतं: स्लाइस पुढे-मागे, जरा मोठं करून पाहणं, हाडांची किंवा फुफ्फुसांची विंडो (ती म्हणजे काय ते दुसऱ्या पायरीत येईल). क्वचित दुसरी सीरिज, म्हणजे त्याच तपासणीतला चित्रांचा दुसरा संच. त्रिमितीय चित्र हवेत गरगर फिरवणं प्रोजेक्टच्या प्रदर्शनात छान दिसतं, पण बहुतेक शस्त्रक्रियांत ते कोणी मागत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जास्त महत्त्वाचं आहे. एका हातात अनेकदा काहीतरी असतंच: फोर्सेप्स, सक्शन, बाजूला धरून ठेवलेला आतड्याचा भाग. म्हणजे दोन्ही हात लागणारी खूण बाद.

आणि हात कुठे असतात ते नीट पाहा. स्क्रब झालेल्या माणसाचे हात समोर, छाती आणि कंबर यांच्या दरम्यान राहतात. गाऊनचा निर्जंतुक मानला जाणारा भाग म्हणजे समोरची छाती ते टेबलाची पातळी, आणि बाह्या कोपराच्या साधारण २ इंच वरपर्यंत. खांद्यावर, कमरेखाली, काखेत, पाठीमागे हात गेला की तो निर्जंतुक धरत नाहीत. शिवाय शेजारी असिस्टंट खांद्याला खांदा लावून उभा असतो. त्यामुळे चौकातल्या ट्रॅफिक हवालदारासारखे हात फेकायला लावणारी यंत्रणा ओटीत चालत नाही. अख्खं शरीर दिसेल असं गृहीत धरणाऱ्या किनेक्टच्या सुरुवातीच्या वापरातली अडचण हीच होती: टेबल आणि ड्रेपमुळे निम्मा माणूस झाकलेला, आणि दोघांचे हात एकमेकांत गुंतलेले.

पायरी २: चित्रांची बाजू उभी करा

रुग्णालयात सीटी आणि एमआरआयची चित्रं डायकॉम या स्वरूपात असतात आणि पॅक्सवर, म्हणजे रुग्णालयाच्या चित्रं साठवणाऱ्या यंत्रणेवर, साठवलेली असतात. सरावासाठी रुग्णालयाच्या पॅक्सला हात लावू नका. आपल्या लॅपटॉपवर ऑर्थँक बसवा. बेल्जियममधल्या लीएजच्या विद्यापीठ रुग्णालयात सुरू झालेला हा मुक्त डायकॉम सर्व्हर आहे. बसवला की ब्राउझरमध्ये ८०४२ या पोर्टवर त्याचं पान उघडतं. चित्रं पाहायला त्याला जोडता येणारा ओएचआयएफ व्ह्यूअर घ्या, किंवा वेगळा वीसिस घ्या. दोन्ही फुकट आहेत.

चित्रं कुठून आणायची? कॅन्सर इमेजिंग आर्काइव्ह या सार्वजनिक संग्रहात रुग्णांची ओळख काढून टाकलेले हजारो अभ्यास आहेत. एक छातीचा आणि एक पोटाचा सीटी पुरे. मित्राच्या काकांचा सीटी पेन ड्राइव्हवर आणून वापरू नका. डायकॉम फाइलच्या आत नाव, जन्मतारीख, रुग्ण क्रमांक सगळं असतं, स्क्रीनवर दिसो वा न दिसो. ऑर्थँकमध्ये ओळख पुसण्याची सोय आहे, पण ती संमतीची जागा घेत नाही.

इथे विंडो म्हणजे काय ते समजून घ्या, नाहीतर सर्जन "लंग विंडो लावा" म्हणाले की गोंधळ उडतो. सीटीतला प्रत्येक बिंदू हाउन्सफील्ड एककात मोजलेला असतो. पाणी ०, हवा उणे १०००, हाड कित्येक शे. हे सगळं एकदम राखाडी छटांत दाखवलं तर डोळ्याला काहीच वेगळं दिसत नाही, म्हणून एक पट्टा निवडून तेवढाच पसरून दाखवतात. मऊ ऊतींसाठी रुंदी ४०० आणि मध्य ४०, फुफ्फुसांसाठी रुंदी १५०० आणि मध्य उणे ६०० हे नेहमीचे आकडे. ओएचआयएफमध्ये असे ठरलेले पट्टे आकड्यांच्या कळांवर बसवलेले असतात आणि स्लाइस बाणाच्या कळांनी सरकते. आपल्याला तेवढंच हवं. व्ह्यूअरच्या आत शिरून काही बदलायचं नाही. खूण ओळखायची आणि कळ दाबल्याचा संदेश पाठवायचा.

पायरी ३: कॅमेरा निवडा आणि जागा ठरवा

सरावासाठी साधा वेबकॅम आणि गुगलचं मीडियापाइप. मीडियापाइप प्रत्येक हातावर २१ बिंदू शोधतं: मनगट ०, अंगठ्याचं टोक ४, तर्जनीचं टोक ८, असे त्यांचे क्रमांक. साध्या लॅपटॉपवर चालतं, वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. त्यातल्या तयार मॉडेलला सात खुणा आधीच येतात. उघडा पंजा, मूठ, वर केलेली तर्जनी, अंगठा वर, अंगठा खाली वगैरे.

घरी हे झकास चालेल. ओटीत प्रकाश वेगळा असतो. ओटी लाइटच्या मध्यावर ४० हजार ते १ लाख ६० हजार लक्स इतका उजेड असतो. त्यात पांढरट ग्लोव्ह आला की कॅमेऱ्याला बोटं दिसत नाहीत, नुसता पांढरा गोळा दिसतो. उलट दुर्बिणीतून शस्त्रक्रिया चालू असेल तर खोलीतले दिवे मंद करतात, मग वेबकॅम स्वतःहून एक्स्पोजर वाढवतो आणि सेकंदाला ३० ऐवजी १५ चित्रं देऊ लागतो. तुमचा प्रोग्रॅम एकाएकी जडावल्यासारखा वागतो आणि दोष कोडमध्ये शोधत बसता. यावर उपाय असा: एक्स्पोजर ऑटोवर न ठेवता हाताने ठरवून द्या आणि खुणा करायची जागा दिव्याच्या वर्तुळाबाहेर ठेवा.

अंतर मोजणारा इन्फ्रारेड कॅमेरा घेतलात तर अंधाराचा आणि ग्लोव्हच्या रंगाचा प्रश्न बराच सुटतो, पण जुन्या हॅलोजन दिव्यांतून भरपूर इन्फ्रारेड बाहेर पडतं आणि ते त्याला आंधळं करू शकतं. न्यूरोसर्जरीच्या ओटीत नेव्हिगेशनचा (अवजार नेमकं कुठे आहे ते दाखवणाऱ्या यंत्राचा) स्वतःचा इन्फ्रारेड कॅमेरा असतो. तिथे आपला कॅमेरा लावायचा तर त्या यंत्राच्या इंजिनिअरला आधी विचारा.

जागा: स्क्रीनच्या लगेच खाली, सर्जनच्या छातीकडे तोंड करून. सर्जन ज्या दिशेने पाहतात तिथूनच कॅमेऱ्याने पाहिलं की "मी तुझ्याशी बोलतोय" हे निम्मं आपोआप कळतं. कॅमेरा निर्जंतुक नसतो, त्यामुळे टेबलावर किंवा टेबलाच्या वर लोंबता अजिबात नको. यूएसबी २ ची साधी केबल ५ मीटरच्या पुढे ताणू नका. ती कॉटरीच्या (विजेने ऊती कापणाऱ्या आणि रक्तस्राव थांबवणाऱ्या यंत्राच्या) तारेला समांतर नेऊ नका. कॉटरी चालू झाली की कॅमेरा क्षणभर गायब होतो, अशी तक्रार आली तर आधी तिथेच पाहा.

पायरी ४: खुणा मोजक्याच ठेवा

माझ्या मते चार पुरतात. जागं करणे, सरकवणे, विंडो बदलणे, झोपवणे. झूम पाचवी, तीही सर्जननी मागितली तर.

सरकवण्यासाठी चिमूट चांगली. अंगठा आणि तर्जनी जुळवून हात वर-खाली नेला की स्लाइस पुढे-मागे, चिमूट सोडली की थांबलं. मूठ किंवा हात झटकणं यापेक्षा ही बरी, कारण हालचाल लहान राहते आणि थांबायचं कुठे ते हातालाच कळतं. चिमटीचं अंतर पिक्सेलमध्ये मोजू नका, हात पुढे-मागे झाला की ते बदलतं. मनगट ते मधल्या बोटाच्या बुडापर्यंतचं अंतर, म्हणजे बिंदू ० ते ९, हे माप धरा. ४ आणि ८ मधलं अंतर त्याच्या पाव भागापेक्षा कमी झालं की चिमूट सुरू, आणि दोन पंचमांशाच्या वर गेलं की सुटली, इथून सुरुवात करून आपापल्या हातांवर जुळवा. धरायची आणि सोडायची मर्यादा वेगवेगळी ठेवणं गरजेचं आहे. एकच ठेवली तर काठावरची चिमूट सेकंदात दहा वेळा लागते-सुटते आणि चित्र थरथरत राहतं.

आणखी एक खोड. चिमूट सोडताना बोटं उघडतात तेव्हा हातही किंचित हलतो, आणि नेमकी हवी ती स्लाइस सापडलेली असताना चित्र एक पाऊल पुढे जातं. सर्जन वैतागतात ते इथे. उपाय सोपा आहे: सुटल्याचं कळलं की शेवटच्या तीन-चार फ्रेममधली हालचाल रद्द करून आधीच्या स्लाइसवर परत या. ३० फ्रेमच्या वेगाने हा जेमतेम दशांश सेकंदाचा हिशेब आहे, पण वापरणाऱ्याला फरक लगेच कळतो.

विंडोसाठी उघडा पंजा किंवा मूठ नको. ओटीत हात सतत उघडतात-मिटतात. तर्जनी आणि मधलं बोट वर, ही खूण कामात सहसा होत नाही. दर वेळी पुढची विंडो, तीन विंडो फिरून परत पहिली.

काय ठेवायचं नाही हेही लिहून ठेवा. चित्र आडवं उलटवणं आणि फिरवणं या खुणा मुळीच नकोत. चुकून उलटलेल्या चित्रावर डावं-उजवं बदलतं, आणि चुकीच्या बाजूची शस्त्रक्रिया ही कल्पना नव्हे, घडलेली गोष्ट आहे. वेबकॅमचं चित्र आरशासारखं उलटवून वापरणं सोयीचं असतं, ते खुशाल करा, पण तो उलटा झालेला कॅमेरा आणि रुग्णाचा सीटी यांचा कोडमध्ये कुठेही संबंध येता कामा नये. खोडणं, मापं घेणं, नोंद करणं, रुग्ण बदलणं, यातलं काहीही हातवाऱ्याने नको. फक्त पाहणं.

पायरी ५: कुलूप

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. सर्जन दिवसभर हातच हलवत असतात. टाका घालणं, कात्री मागणं, गाठ मारणं, बोलताना दाखवणं. टाक्याची गाठ मारताना अंगठा आणि तर्जनी कितीदा जुळतात ते मोजून पाहा, म्हणजे नुसत्या चिमटीवर विसंबलेल्या यंत्रणेचं काय होईल ते समजेल.

म्हणून तीन अटी एकत्र लावा. पहिली अट जागेची. कॅमेऱ्याच्या चित्रात एक चौकट आखा, साधारण छातीच्या उंचीवर, टेबलाच्या काठापासून थोडी वर. चौकटीबाहेरचा हात यंत्रणेच्या लेखी नाहीच. असिस्टंटचा हात मागून डोकावला तर तो लहान दिसतो, म्हणून पंजाच्या आकाराची किमान मर्यादाही ठेवा. दुसरी अट वेळेची. उघडा पंजा स्क्रीनकडे करून साधारण एक सेकंद स्थिर धरला तरच यंत्रणा जागी होईल. अर्ध्या सेकंदावर ती चुकून जागी होते, दोनवर सर्जन कंटाळतात. तिसरी अट झोपेची. हात चौकटीबाहेर गेला की लगेच झोप, आणि चौकटीत असूनही चार-पाच सेकंद काही झालं नाही तरी झोप.

यापेक्षा खात्रीचा मार्ग म्हणजे पायाचं पॅडल. पॅडल दाबलेलं असेपर्यंतच हातवारे ऐकायचे. शुद्ध हातवाऱ्यांच्या भक्तांना हे आवडत नाही. पण एक अडचण खरी आहे: पायाशी आधीच कॉटरीचं पॅडल असतं, आणि दुसरं आलं की चुकीच्या पॅडलवर पाय पडण्याची भीती. कॉटरीचं पॅडल नसलेल्या कामात मात्र मी आधी हाच मार्ग निवडेन.

जागं आहे की झोपलेलं, हे दिसलं पाहिजे. स्क्रीनच्या कडेला एक जाड पट्टी: जागं असताना हिरवी, झोपेत राखाडी. आवाज अजिबात नको. ॲनेस्थेशियाचे डॉक्टर पल्स ऑक्सिमीटरच्या सुराकडे कान ठेवून असतात. ऑक्सिजन उतरला की तो सूर खाली जातो. त्यात तुमची टिंगटिंग मिसळली तर पहिल्याच दिवशी यंत्रणा बाहेर जाईल, आणि ते योग्यच होईल.

पायरी ६: जोडणी

पायथनमध्ये मीडियापाइप, ओपनसीव्ही आणि पायऑटोजीयूआय ही तीन पॅकेजं बसवली की काम भागतं. कॅमेरा, खूण ओळखणं, कुलूप आणि कळ दाबणं हे चार भाग वेगवेगळ्या फाइलींत ठेवा. उद्या कॅमेरा बदलला तर पहिलीच फाइल बदलेल.

दोन गोष्टींवर बरेच जण अडखळतात. पायऑटोजीयूआय प्रत्येक आदेशानंतर मुद्दाम दशांश सेकंद थांबतं. म्हणजे चाळीस स्लाइस सरकवायला चार सेकंद नुसते थांबण्यात गेले. हा थांबा शून्य करा. दुसरं, कळ जाते ती समोर उघड्या असलेल्या खिडकीला. विंडोजने अपडेटची सूचना वर आणली की तुमचे बाण तिकडे जातील. म्हणून तो संगणक फक्त याच कामाचा ठेवा, सूचना बंद करा, आणि कळ पाठवायच्या आधी व्ह्यूअरच समोर आहे ना हे प्रोग्रॅमला तपासायला लावा.

पायरी ७: खोटी ओटी

खोलीत एक टेबल, त्यावर हिरवी चादर, दोन मित्र शेजारी चिकटून उभे, गाऊन, मास्क आणि खरे सर्जिकल ग्लोव्ह्ज. ग्लोव्ह्ज दोन-तीन रंगांचे आणा, कोरडे, ओले आणि लाल रंग लागलेले, तिन्ही तपासा. उघड्या हातावर शिकलेलं मॉडेल ग्लोव्हवर किती डगमगतं ते इथेच कळतं.

मग दोन मापं घ्या. पहिलं: तासभर स्पंजावर किंवा केळ्याच्या सालीवर टाके घाला, चित्राकडे ढुंकूनही पाहू नका, आणि यंत्रणा किती वेळा आपणहून जागी झाली ते मोजा. खुणा किती टक्के बरोबर ओळखल्या हा आकडा सगळे अहवालात मिरवतात. मला हा पहिला आकडा आधी दाखवा. तो शून्याजवळ नसेल तर पाचव्या पायरीवर परत जा. दुसरं: तीनशे स्लाइसच्या सीटीत सांगितलेली एक स्लाइस शोधायला किती वेळ लागतो, हातवाऱ्याने आणि मित्राला तोंडाने सांगून. निकाल कधी कधी मित्राच्या बाजूने लागेल. सर्जनसोबत वर्षानुवर्षं काम केलेल्या सिस्टर माऊसवर असतील तर त्यांना हरवणं अवघड आहे, हे अहवालात प्रामाणिकपणे लिहा. हातवाऱ्यांचा फायदा जास्त दिसतो तो सर्जनना स्वतःलाच नक्की काय शोधतोय ते शब्दांत सांगता येत नसतं तेव्हा.

पायरी ८: खऱ्या ओटीकडे

इथून पुढचं काम एकट्याचं नाही. रुग्णांचा संबंध आला की संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी लागते, शिवाय इन्फेक्शन कंट्रोल आणि बायोमेडिकल विभागाची संमती. कॅमेऱ्याचं चित्र साठवू नका, त्यात रुग्णही येतो आणि कर्मचारीही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे, आणि तो नसता तरी हेच सांगितलं असतं. हे विकायचा विचार असेल तर वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ वाचा. १ एप्रिल २०२० पासून आजाराच्या निदान-उपचारासाठीचं सॉफ्टवेअरही भारतात वैद्यकीय उपकरणांच्या व्याख्येत येतं. प्रोजेक्ट म्हणून केलेली यंत्रणा तशीच्या तशी रुग्णावर वापरायची नसते.

ओटीत पहिली फेरी दिवसाच्या शस्त्रक्रियांची लिस्ट संपल्यावर, रिकाम्या टेबलावर करा. खरे दिवे लावून, सर्जनना त्यांच्या नेहमीच्या जागी उभं करून, सार्वजनिक संग्रहातल्याच सीटीवर. पट्टी त्यांच्या जागेवरून दिसते का, चौकट त्यांच्या उंचीला बसते का ते पाहा. बुटक्या आणि उंच सर्जनसाठी चौकट वेगळी साठवावी लागेल. यंत्रणा बंद करायची एक कळ फ्लोअरवरच्या सिस्टरच्या हाताशी द्या, आणि ती कशी दाबायची हे त्यांना सगळ्यांच्या आधी दाखवा. माऊस काढू नका. तो ट्रॉलीवर, जोडलेलाच राहू द्या.